जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स : खोलण्याआधी काय काय तपासायचं

तुमची तक्रार आधी एका जागी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. चौदा वर्षांची, दीड लाखाच्या पुढे किलोमीटर झालेली, चार गिअरची ऑटोमॅटिक गाडी तुम्ही सेकंडहँड घेतली. सकाळी पहिल्यांदा पीमधून (पार्क) डीमध्ये (ड्राइव्ह) टाकली की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धक्का देऊन गिअर लागतो. आरमध्येही (रिव्हर्स) तेच, किंबहुना जरा जास्तच. गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना इंजिनची रेस एकदम वर उडते आणि मग गिअर पकडतो. एक मेकॅनिक म्हणतो ऑइल फ्लश करून टाकू (म्हणजे मशिनने जुनं ऑइल ढकलून नवं भरू), दुसरा म्हणतो अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागेल. यातलं कुणाचं ऐकायचं?

आत्ता तरी कुणाचंच नको. दोघांनी उपाय सांगितला, तपासणी एकानेही केलेली दिसत नाही. आणि तपासणी होईपर्यंत माझी एकच विनंती आहे: काहीही बदलू नका. ऑइल बदलू नका, स्कॅनर लावून कोड पुसू नका, बॅटरीची वायर काढून ‘रिसेट’ तर मुळीच करू नका. आज गिअरबॉक्समध्ये जे ऑइल आहे त्याची पातळी, रंग, वास आणि त्यातली माती-धातू हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. कंट्रोल युनिटमध्ये (गिअर सांभाळणाऱ्या संगणकात) साठलेले बिघाडाचे कोड हा दुसरा. फ्लश झालं की पहिला गेला, रिसेट झालं की दुसरा गेला. मग उरतो तो अंदाज, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये अंदाज फार महाग पडतो.

एक गोष्ट आधीच मिटवून टाकू. ‘ऑटोमॅटिक’ या नावाखाली चार वेगळ्या यंत्रणा फिरतात. तुमचा बॉक्स टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पाठवणारा भाग) असलेला जुना, पारंपरिक प्रकारचा आहे आणि खाली जे लिहितोय ते त्याच्याबद्दल. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर पाडायचं काम माणसाऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो. तिथे आधी क्लचप्लेट आणि अ‍ॅक्च्युएटर बघायचे. सीव्हीटीमध्ये बेल्ट आणि पुली असतात, डीसीटीमध्ये दोन क्लच. त्यांची लक्षणं वेगळी, ऑइल वेगळं, तपासणीही वेगळी. त्यामुळे एका प्रकारच्या गाडीला लागू पडलेला सल्ला दुसरीला लावू नका.

आता ऑइल. हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर क्लच दाबले जातात, त्याच्यातूनच कन्व्हर्टर इंजिनची ताकद पुढे पाठवतो आणि उष्णताही तेच वाहून नेतं. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि तुम्ही लिहिलेली जवळजवळ सगळी लक्षणं तेवढ्यानेही दिसू शकतात. म्हणून सुरुवात इथूनच.

पातळी बघायची पद्धत इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे आणि इथे सर्रास चूक होते. बहुतेक गाड्यांत ती सपाट जागेवर, गाडी वीसेक मिनिटं चालवून तापवल्यावर, इंजिन चालू ठेवून, पीमध्ये बघतात. त्याआधी ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा सावकाश फिरवून आणायचा. होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये मात्र उलट आहे: तापवल्यावर इंजिन बंद करून ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट उचलून, ऑइलचं तापमान ठरलेल्या मर्यादेत असताना, इंजिन चालू ठेवून खालचा लेव्हल प्लग उघडायचा. बारीक धार सुटून थेंबांवर आली की पातळी बरोबर. ही मर्यादा अनेक गाड्यांत ३५ ते ४५ अंश सेल्सिअस असते, पण तुमच्या गाडीची नेमकी मॅन्युअलमध्येच बघा. ऑइल तापल्यावर फुगतं, त्यामुळे थंड गाडीत ‘बरोबर’ भरलेलं ऑइल गरम झाल्यावर जास्त ठरतं. जास्त भरलेलंही वाईटच. फिरणारे भाग त्यात बुडतात, फेस होतो, आणि फेसाने दाब तयार होत नाही.

डिपस्टिक पांढऱ्या टिश्यूवर पुसा आणि उजेडात बघा. नवं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) बहुतेक लाल असतं, पण काही मुळातच पिवळसर असतात, म्हणून नुसत्या रंगावरून घाबरू नका. जुन्या गाडीत तपकिरी झालेलं ऑइल हे फार तर वय सांगतं. वास जास्त महत्त्वाचा. जळका, नाकात चढणारा वास आला आणि टिश्यूवर काळे बारीक कण उरले, तर क्लचचं अस्तर जळलंय असं समजायला जागा आहे. टिश्यूवर ऑइल पसरत जाऊन मध्ये काळा, खरखरीत ठिपका उरतो का ते दोन मिनिटं थांबून बघा. आणि ऑइल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं गुलाबी-गढूळ दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. रेडिएटरच्या आत गिअर ऑइलचा कूलर असतो. तो आतून फुटला की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि क्लचप्लेटवरचं अस्तर धरून ठेवणारा गोंद सुटायला लागतो. अशा वेळी रेडिएटर न बदलता नुसतं ऑइल बदलणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

पातळी कमी निघाली तर योग्य ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालून पातळीवर आणा आणि चार दिवस चालवून बघा. ही टॉप-अप पुरावा नष्ट करत नाही. मात्र ऑइल कुठून गेलं ते शोधावंच लागेल, कारण गिअरबॉक्स ऑइल खात नाही. अ‍ॅक्सलचे सील, पॅनचं पॅकिंग, कूलरच्या नळ्यांचे जोड, आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मधला पंपाचा पुढचा सील. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवली की सकाळी ठिपका कुठल्या जागेखाली पडलाय त्यावरून बरंच कळतं.

पातळी बरोबर निघाली, तर खरं निदान सुरू होतं, आणि ते वहीत करायचं असतं. कधी होतं, कुठल्या गिअरला होतं, थंड असताना की गरम झाल्यावर, हलक्या पायाने की जोर दिल्यावर. ग्राहकाने या चार गोष्टी नीट लिहून आणल्या तर निम्मं काम झालेलं असतं. ‘गाडी झटके मारते’ एवढ्यावर काहीच ठरत नाही.

तुमच्या सकाळच्या तक्रारीसाठी एक साधी चाचणी सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. इंजिन सुरू करा, लिव्हर एनमध्ये (न्यूट्रल) ठेवा आणि पूर्ण मिनिटभर थांबा. मग डीमध्ये टाका. गिअर लगेच लागला, तर रात्रीत कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरून जातंय किंवा फिल्टर चोंदल्याने पंपाला ऑइल उशिरा मिळतंय, असा संशय घ्यायचा. मिनिटभर थांबूनही तेवढाच उशीर झाला, तर क्लचच्या पिस्टनवरचे रबरी सील कडक झाले असण्याची शक्यता वाढते. थंडीत कडक रबर ऑइल नीट अडवत नाही, तापलं की थोडं मऊ पडून अडवतं. उशिराने गिअर लागताना जो धक्का बसतो त्यातला काही भाग थंड इंजिनच्या वाढलेल्या आयडलिंगचा असतो, म्हणून त्या वेळी आरपीएम किती आहे तेही टिपा.

गरम झाल्यावरची तक्रार वेगळी कथा सांगते. ऑइल तापलं की पातळ होतं, आणि आतल्या झिजलेल्या रिंगांतून, वॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या ठोकळ्याच्या) झिजलेल्या भोकांतून जास्त गळतं. हे गळणं बाहेर दिसत नाही, फक्त दाब कमी पडतो. दुसरा गिअर सुटला पण तिसऱ्याचा क्लच अजून पुरता दाबला गेला नाही, त्या मधल्या क्षणी इंजिनला कुणीच धरलेलं नसतं आणि रेस उडते.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट: रिव्हर्सला उशीर जास्त आणि तक्रार नेमकी तिसऱ्या गिअरची. प्रत्येक गिअरबॉक्सचा एक तक्ता असतो, कुठल्या गिअरला कुठला क्लच आणि कुठला बँड (आवळून धरणारा पट्टा) लागतो याचा. जुन्या चार गिअरच्या कित्येक बॉक्समध्ये तिसरा आणि रिव्हर्स या दोघांना एकच क्लच सामाईक असतो, त्याला डायरेक्ट क्लच म्हणतात. दोन गिअर एकत्र आजारी पडले की तक्त्यात त्यांचा सामाईक भाग शोधायचा, संशयित तोच. सकाळचा उशीर सोडला तर पहिला-दुसरा ठणठणीत आहेत, याचा अर्थ पंप आणि मुख्य दाब बहुधा बरा आहे. तुमच्या गाडीचा तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तो न बघता ‘अख्खा बॉक्स गेला’ म्हणणाऱ्याला विचारा, की मग दुसरा गिअर इतका साफ कसा पडतो?

दोष गिअरबॉक्सचा नसूनही तसा वाटावा अशा जागाही बऱ्याच आहेत. इंजिनचं माउंटिंग तुटलं असेल तर डी आणि आरमध्ये टाकताना जोरात धक्का बसतो. बॉनेट उघडून, कुणालातरी ब्रेक दाबून डी-आर-डी करायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. इंजिन किती उसळतं ते डोळ्यांना दिसतं. (गाडीच्या समोर उभं राहू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.) अ‍ॅक्सलचा जॉइंट ढिला असला तरी टक्क आवाज येतो. घाण झालेल्या थ्रॉटल बॉडीमुळे आयडलिंग वरखाली होतं, कमकुवत बॅटरीने किंवा खराब अर्थिंगने सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारे-मिटणारे विजेचे छोटे वॉल्व्ह) नीट चालत नाहीत. त्याहून जुन्या, केबलवर चालणाऱ्या बॉक्समध्ये थ्रॉटल केबलची सेटिंग बिघडली तर नेमकी अशीच रेस उडते, आणि दुरुस्ती म्हणजे दोन पाने (स्पॅनर) आणि थोडा संयम.

एक लक्षण तुम्ही लिहिलं नाही, पण या वयाच्या गाडीत ते पुढेमागे भेटतंच. सपाट रस्त्यावर साठ-ऐंशीच्या वेगात, हलक्या पायाने जाताना गाडी बारीक थरथरते. प्लग-कॉइलचा मिसफायर (ठिणगी चुकणं) आणि कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची) थरथर हुबेहूब सारखी वाटतात, आणि त्यात कितीतरी जणांनी फुकट कॉइल बदलल्या आहेत. ओळखायची युक्ती अशी: थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम स्पर्श करा, फक्त ब्रेकचा दिवा लागेल इतका. मागे कुणी नसलेल्या मोकळ्या रस्त्यावरच करा. ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष कन्व्हर्टर किंवा ऑइलकडे, तशीच राहिली तर इंजिनकडे.

यानंतर स्कॅनर, तोही गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट वाचणारा. नुसतं इंजिन वाचणारं स्वस्त यंत्र बऱ्याचदा फक्त पी०७०० दाखवतं. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या युनिटला काहीतरी सांगायचंय, आत जाऊन विचारा. आत पी०७३३ निघाला तर तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७३६ म्हणजे रिव्हर्सचं. पी०७१५ आणि पी०७२० हे वेगाच्या सेन्सरचे, पी०७४० आणि पी०७४१ लॉकअपचे, पी०७५० पासूनचे शिफ्ट सोलेनॉइडचे. कोड बिघडलेला भाग सांगत नाही, कुठल्या सर्किटमध्ये किंवा कुठल्या कामात गडबड झाली ते सांगतो. पी०७५० आला की सोलेनॉइड मागवायचा असं नसतं. आधी कपलर उघडून त्यात ऑइल किंवा हिरवा गंज आहे का बघा, मग मीटरने ओम मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. थंड आणि गरम, दोन्ही वेळा.

कोड एकही नसला तरी लाइव्ह डेटा बघाच. टर्बाइनचा (कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्समध्ये शिरणारा) वेग आणि आउटपुटचा (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा) वेग असे दोन आकडे शेजारी लावून गाडी चालवा. समजा दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५५ आहे आणि तिसऱ्याचं १.००, जसं कित्येक चार गिअरच्या बॉक्समध्ये जवळपास असतं. आउटपुट १५०० फेरे असेल तर दुसऱ्यात टर्बाइन २३२५ च्या आसपास हवा आणि तिसरा पडताच तो सरळ उतरत १५०० वर यायला हवा. तुमच्या गाडीत तो २३२५ वरून आधी २८०० वर चढून मग खाली आला, तर रेस उडणं आकड्यांत पकडलं गेलं. आणि तिसरा पूर्ण पडल्यावरही जोर देताना तो १५०० च्या वर तरंगत राहिला, तर क्लच नुसता उशिरा पकडत नाही, घसरतोही आहे. या दोन निष्कर्षांत फार मोठं अंतर आहे. पहिल्यात वॉल्व्ह बॉडी, अ‍ॅक्युम्युलेटर (क्लच धक्क्याविना पकडावा म्हणून दाब हळू चढवणारा भाग) किंवा सोलेनॉइडवर भागण्याची आशा असते, दुसऱ्यात बहुधा नसते. सोबत ऑइलचं तापमानही बघा. रोजच्या चालवण्यात ते साधारण ८० ते ९५ अंशांत असावं. सतत १२० च्या वर जात असेल तर कूलर चोंदलाय का ते आधी.

लाइन प्रेशरची, म्हणजे पंपाच्या मुख्य दाबाची चाचणी हा पुढचा टप्पा. बॉक्सवर त्यासाठी प्लग दिलेला असतो, तिथे गेज लावून प्रत्येक गिअरला, थंड आणि गरम दाब मोजतात. सगळीकडेच कमी असेल तर फिल्टर, पंप किंवा प्रेशर रेग्युलेटर. बाकी ठीक आणि फक्त आरमध्ये व तिसऱ्यात पडत असेल तर त्या क्लचचं सर्किट आतून गळतंय.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून डीमध्ये पूर्ण रेस देऊन आरपीएम कुठे अडकतो ते बघणं, ही चाचणी पुस्तकात असते. तुमच्या गाडीवर मी ती करणार नाही. अशक्त क्लचला जाळायला तिला पाच सेकंद पुरतात.

मग पॅन उतरवायचा. खालच्या लोहचुंबकावर करडा-काळा मऊ लेप असणारच, या वयाला तो साहजिक आहे. बोटांत चोळून बघा. पावडरसारखा गुळगुळीत लागला तर ठीक. चमकणारे पापुद्रे, पितळी रंगाचे कण, अस्तराचे तुकडे किंवा रबराचे अवशेष दिसले तर बॉक्स खोलावा लागेल. पॅन उतरलाच आहे तर एक चाचणी अवश्य करायला सांगा, कारण ती फारसं कुणी आपणहून करत नाही. वॉल्व्ह बॉडी काढून क्लचच्या ऑइलच्या भोकात कॉम्प्रेसरची साधारण दोन-अडीच बार हवा सोडायची. काही बॉक्समध्ये वॉल्व्ह बॉडी बाजूच्या झाकणाआड असते, पण कित्येक गाड्यांत बॉक्स न उतरवता हे जमतं. सील धड असेल तर पिस्टन ‘धप’ असा ठोस आवाज करत बसतो आणि हवा थांबते. नुसती फुसफुस ऐकू येत राहिली तर त्या क्लचचा सील गेला. चांगल्या असलेल्या दुसऱ्या क्लचवर तीच हवा सोडून आवाजातला फरक ऐका.

आता फ्लशचा प्रश्न. नव्या ऑइलने चांगला क्लच बिघडत नाही आणि जळालेला क्लच सुधारत नाही, हे माझं मत. वरच्या तपासणीत ऑइल जुनं पण जळकं नाही, पॅन स्वच्छ, घसरण नाही असं निघालं, तर ऑइल आणि फिल्टर जरूर बदला. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दांवर विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिकसाठी ठरावीक किलोमीटर-वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. पण मशिन लावून जोराने फ्लश करण्यापेक्षा पॅन उतरवून, फिल्टर बदलून साधं ड्रेन-फिल करा. एका वेळी साधारण ४० टक्के ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणजे पहिल्या खेपेनंतर ६० टक्के जुनं उरतं, दुसरीनंतर ३६, तिसरीनंतर २२ च्या आत. मध्ये काही दिवस चालवा. आणि ऑइल गाडीला सांगितलेल्याच स्पेसिफिकेशनचं, ‘सगळ्याला चालतं’ असलं नको. टी-फोर ऑइल मागणाऱ्या बॉक्सला डब्ल्यूएस किंवा डेक्सरॉन असलं दुसऱ्या स्पेसिफिकेशनचं ऑइल घातलं तर गाडी चालेल, पण क्लच पकडण्याची रीत बदलेल आणि मग लक्षणांचा गुंता सोडवणं अवघड.

तुमच्या वर्णनावरून माझा झुकाव डायरेक्ट क्लचच्या सर्किटकडे आहे, पातळी कमी निघाली नाही तर. हवेच्या चाचणीत सील धड आणि लाइव्ह डेटात घसरण नसेल, तर आधी वॉल्व्ह बॉडी आणि अ‍ॅक्युम्युलेटर; त्यात बॉक्स उतरवायची गरज बहुधा पडणार नाही. सील गेला असेल तर बॉक्स उतरेल, आणि उतरलाच तर एका क्लचपुरतं काम करू नका. सगळे सील-रिंग, सगळ्या क्लचप्लेट, फिल्टर नवे, कन्व्हर्टर बदललेला किंवा रिबिल्ट केलेला, आणि कूलरसकट त्याच्या नळ्या साफ केलेल्या किंवा नव्या. जुन्या कन्व्हर्टर-कूलरमधला चुरा नव्या बॉक्समध्ये परत आला की सगळं काम मातीत जातं. जोडल्यावर कंट्रोल युनिटची जुनी शिकवण (जुन्या क्लचप्रमाणे त्याने जुळवून घेतलेलं) पुसून नवी शिकवायला लावा. ती पुसायची वेळ तेव्हाची आहे, आजची नाही.

तपासणी होईपर्यंत गाडी चालवावी लागली तर तिसरा पडतानाच पाय थोडा उचला, म्हणजे त्या क्लचवर ताण कमी येईल. चढावर ओझं घेऊन जाऊ नका. सकाळी गिअर लागेपर्यंत रेस देऊ नका, नुसतं थांबा. आणि एखाद्या दिवशी रिव्हर्स लागलाच नाही, तर गाडी टो करताना पुढची चालती चाकं जमिनीवर फिरू देऊ नका. इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आणि उरलासुरला बॉक्स त्या प्रवासात कोरडा घासला जातो.